संगणकातला ‘कर्नल’ आणि टेबलाचा नवा खण

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

संगणकाचं बटण दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचं चित्र उमटेपर्यंत काही क्षण जातात. आपल्याला तेवढेही नकोसे होतात. आपण चहाचा कप उचलतो, खुर्ची पुढे ओढतो. त्या काही क्षणांत आत मात्र एक चौकशी चाललेली असते. अगदी पोलीसठाण्यातल्यासारखी. तू कोण? कुठला? कोणत्या पिढीतला? तुला काय काय येतं? आणि तुझ्यात खोड कोणती आहे?

प्रश्न विचारणारा असतो कर्नल. उत्तरं देणारा प्रोसेसर.

कर्नल म्हटलं की आपल्याला छातीवर पदकं लावलेला लष्करी अधिकारी आठवतो. हा कर्नल तो नव्हे. इंग्रजीत उच्चार जवळपास तसाच, पण स्पेलिंग वेगळं आणि अर्थ ‘बी फोडल्यावर आत सापडतो तो गर’. विंडोज म्हणा, लिनक्स म्हणा, या ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे भलं मोठं फळ. चित्रं, खिडक्या, बटणं ही त्याची साल आणि गीर. अगदी आत जो दाणा असतो, जो प्रत्यक्ष यंत्राशी बोलतो, मेमरी कुणाला किती द्यायची आणि प्रोसेसर कुणाला किती वेळ वापरू द्यायचा हे ठरवतो, तो कर्नल. आपण लिहायचा प्रोग्रॅम वापरतो, गाणी ऐकतो, बँकेचे व्यवहार करतो. यातला कुठलाही प्रोग्रॅम थेट यंत्राला हात लावत नाही. सगळे कर्नलकडे अर्ज करतात.

मी बरीच वर्षं मुलांना हा विषय शिकवला. एक प्रश्न दरवर्षी यायचा. ‘सर, नवा प्रोसेसर घेतला की त्यातल्या नव्या सोयी आपोआप का मिळत नाहीत?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मिक्सरला नवं भांडं घेतलं तर ते बसतं किंवा बसत नाही, मध्ये तिसऱ्याची परवानगी लागत नाही. इथे ती लागते. ती का लागते, हेच आज सांगायचं आहे.

आधी ती चौकशी कशी होते ते पाहू. इंटेल कंपनीचा ३८६ नावाचा प्रोसेसर १९८५ साली आला, त्यानंतर १९८९ साली ४८६. दोन्ही बाहेरून दिसायला सारखेच काळे चौकोन, आणि सॉफ्टवेअरला तर बाहेरूनही दिसत नाही. प्रोसेसरला नाव विचारायची सोयच नव्हती. मग कर्नल लिहिणाऱ्यांनी एक युक्ती वापरली. प्रोसेसरमध्ये फ्लॅग म्हणून काही छोटे दिवे असतात असं समजा. त्यातला अठराव्या क्रमांकाचा दिवा लावून पाहायचा. लागला तर ४८६, लागलाच नाही तर ३८६. म्हैस विकत घेताना जाणकार माणूस दात पाहतो ना, तसंच हे. पुढे १९९३ साली पेंटियम आला, आणि त्याच्याबरोबर ‘सीपीयूआयडी’ नावाची एक आज्ञा आली. ही आज्ञा दिली की प्रोसेसर स्वतःच बोलतो. पहिल्याच प्रश्नाला तो बारा अक्षरांत कुळ सांगतो. इंटेलचा असेल तर ‘जेन्युइन इंटेल’, एएमडीचा असेल तर ‘ऑथेंटिक एएमडी’. दोघांनाही आपण अस्सल असल्याचं आवर्जून सांगावंसं वाटतं, यातली गंमत लक्षात घ्या. त्यानंतरच्या प्रश्नांना तो एकेका गुणाचं हो किंवा नाही असं उत्तर देतो.

लिनक्स असलेल्या संगणकावर ही उत्तरपत्रिका कुणालाही वाचता येते. ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ‘सीपीयूइन्फो’ अशी एक फाइल दिसते. त्यात ‘फ्लॅग्ज’ या ओळीपुढे प्रोसेसरच्या अंगी असलेल्या गुणांची यादी येते. आजच्या यंत्रात ती शंभराहून अधिक शब्दांची भरते. आणि थोडं खाली ‘बग्ज’ अशी दुसरी ओळ असते. तिच्यात त्याच प्रोसेसरचे दोष. पत्रिकेत गुण आणि दोष दोन्ही छापून देणारं असं स्थळ मी दुसरं पाहिलं नाही.

आता गुण कळले. पुढे काय? इथे एक उपमा घेतो.

एखाद्या कचेरीत एकच टेबल आहे आणि काम करणारे कारकून पन्नास. प्रत्येकाला टेबल थोडा थोडा वेळ मिळतं. एकाची वेळ संपली की शिपाई येतो, टेबलावरचे त्याचे सगळे कागद जसेच्या तसे उचलून त्याच्या पेटीत ठेवतो, दुसऱ्याच्या पेटीतले कागद काढून टेबलावर मांडतो. दुसऱ्याला वाटतं, टेबल कायमचं माझंच आहे. प्रोसेसर म्हणजे हे टेबल. त्यावरच्या कागद ठेवायच्या जागा म्हणजे रजिस्टर. कारकून म्हणजे आपले प्रोग्रॅम. आणि शिपाई म्हणजे कर्नल. ही उचलठेव सेकंदाला शेकडो, प्रसंगी हजारो वेळा होते, म्हणून आपल्याला गाणं आणि टंकलेखन एकाच वेळी चालल्यासारखं वाटतं.

आता टेबल बनवणाऱ्या सुतारानं टेबलाला एक नवा खण केला. कारकुनांना आनंद झाला, त्यांनी खणात कागद ठेवायला सुरुवात केली. पण शिपायाला खण माहीतच नाही. तो नेहमीप्रमाणे वरचे कागद उचलतो, खणातले तिथेच राहतात. पुढचा कारकून खण उघडतो तर आत दुसऱ्याचे आकडे! तो त्यावरच बेरीज पुढे चालू करतो. उत्तर चुकतं, आणि का चुकलं हे कुणालाच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकाचं गुपित दुसऱ्याच्या हाती जातं.

म्हणून प्रोसेसर बनवणारे असा खण कुलूप लावूनच पाठवतात. शिपायानं, म्हणजे कर्नलनं, ‘मला हा खण माहीत आहे, मी तो रिकामा करीन आणि पुन्हा भरीन’ असं सांगितल्याशिवाय कुलूप उघडत नाही. त्यासाठी प्रोसेसरच्या आत एक खास खटका असतो आणि तो फक्त कर्नललाच दाबता येतो. तो दाबलेला नसेल आणि एखाद्या प्रोग्रॅमनं खण उघडायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर ‘अशी आज्ञाच मला माहीत नाही’ म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबवतो. नव्या सोयी आपोआप का मिळत नाहीत, या प्रश्नाचं हे उत्तर.

याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९९७ च्या जानेवारीत इंटेलनं एमएमएक्स हा प्रकार आणला. चित्रं आणि ध्वनी यांचं काम वेगानं व्हावं म्हणून. त्या वेळी बाजारात कोट्यवधी संगणकांवर जुनं विंडोज होतं. त्यात बदल व्हायची वाट पाहत बसलो तर नवा प्रोसेसर विकायचा कधी? मग इंटेलनं शक्कल लढवली. नवा खण केलाच नाही. अपूर्णांकांच्या गणितासाठी ज्या आठ जागा पूर्वीपासून होत्या, त्यांनाच एमएमएक्सची दुसरी नावं दिली. शिपाई त्या जागा आधीपासून आवरतच होता, त्यामुळे त्याला काहीच सांगावं लागलं नाही. पण एका जागेचे दोन उपयोग म्हटल्यावर भांडण आलंच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एका वेळी एकच काम करता येई, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना टेबल पुसून घ्यावं लागे.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, पेंटियम ३ बरोबर एसएसई आलं. या वेळी इंटेलनं खरोखरच नवे खण केले, आठ, प्रत्येकी १२८ बिटांचे. आता कर्नल बदलणं भाग होतं. विंडोज ९५ मध्ये ती सोय नव्हती. म्हणजे पेंटियम ३ घेऊन त्यावर विंडोज ९५ चालवणाऱ्यानं त्या खणांचे पैसे भरले, पण ते त्याच्याकडे शेवटपर्यंत कुलूपबंदच राहिले. २०११ साली हेच नाटक पुन्हा झालं. जानेवारीत इंटेलचे नवे प्रोसेसर आले, त्यांत एव्हीएक्स नावाची सोय होती, खण रुंद करून २५६ बिटांचे केलेले. विंडोज ७ ला त्यांची ओळख पटली ती फेब्रुवारीत आलेल्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर. लिनक्सच्या कर्नलमध्ये तयारी २००९ सालीच झाली होती, प्रोसेसर दुकानात यायच्या दीड वर्ष आधी. इंटेलचे अभियंते स्वतःच लिनक्समध्ये भर घालतात, त्याचा हा फायदा.

खण वाढत गेले तशी शिपायाची दमछाकही वाढली. एव्हीएक्स-५१२ मध्ये बत्तीस रजिस्टर, प्रत्येक ५१२ बिटांचं. म्हणजे तेवढ्याचेच दोन किलोबाइट झाले. मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी एएमएक्स आलं, त्याचा एकट्याचा पसारा आठ किलोबाइटचा. प्रत्येक उचलठेवीला एवढं ओझं कोण वाहणार? २०२२ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स ५.१६ मध्ये नियम झाला की हा खण ज्याला हवा त्यानं आधी कर्नलकडे परवानगी मागावी. ज्यानं मागितली, त्याच्यापुरतीच मोठी पेटी. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. सरसकट सगळ्यांना देण्यापेक्षा मागेल त्याला देणं केव्हाही स्वस्त पडतं.

गुणांची यादी हाती आल्यावर कर्नल आणखी एक काम करतो. सरकारी अर्जावर तळाशी छापलेलं असतं, ‘जे लागू नसेल ते खोडावे’. लिनक्सचा कर्नल नेमका असाच लिहिलेला आहे. एकच कर्नल जुन्या लॅपटॉपवरही चालायचा असतो आणि शेकडो गाभ्यांच्या सर्व्हरवरही. म्हणून त्यात अनेक ठिकाणी एकाच कामाच्या दोन-तीन रीती लिहून ठेवलेल्या असतात. सुरू होताना कर्नल प्रोसेसरची उत्तरपत्रिका पाहतो आणि स्वतःच्याच मजकुरातल्या लागू नसलेल्या ओळी खोडून त्या जागी लागू असलेल्या लिहितो. चालू असलेला प्रोग्रॅम स्वतःलाच दुरुस्त करतो, हे ऐकायला जरा भीतिदायक आहे. पण एकदा हे झालं की पुढे दर वेळी ‘ही सोय आहे का’ असं विचारत बसावं लागत नाही.

मात्र प्रोसेसर सांगतो ते सगळं खरं धरायचं का? इथे कर्नल लिहिणाऱ्या मंडळींना अनुभवानं संशयी बनवलं आहे.

१९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक अविभाज्य संख्यांवर काम करत होते. त्यांच्या पेंटियमचे भागाकार चुकत आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. सगळे भागाकार नव्हेत, काही ठरावीकच. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ नं भागलं तर १.३३३८२ असं उत्तर यायला हवं. पेंटियम १.३३३७३ सांगे. इंटेलनं आधी ‘सामान्य माणसाला याचा त्रास नाही’ अशी भूमिका घेतली, पण लोकांनी ती चालू दिली नाही. डिसेंबरमध्ये कंपनीला प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल करावं लागलं आणि त्यापायी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. लिनक्सच्या कर्नलनं मग काय केलं? याच दोन संख्या घेतल्या. पहिलीला दुसरीनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा दुसरीनं गुणायचं आणि ते पहिलीतून वजा करायचं. शून्य उरलं तर प्रोसेसर ठीक. दोषी पेंटियमवर २५६ उरत. चौथीतल्या मुलाला बाई ताळा करून पाहायला सांगतात, तसा हा ताळा दर वेळी संगणक सुरू होताना व्हायचा.

ताजं उदाहरण २०१९ सालचं. प्रोसेसरला ‘एक यादृच्छिक आकडा दे’ असं सांगायची एक आज्ञा आहे. गुप्त किल्ल्या बनवायला असे कुणालाही अंदाज न येणारे आकडे लागतात. त्या जुलैत एएमडीचे नवे रायझन ३००० मालिकेतले प्रोसेसर आले, आणि ही आज्ञा दिली की प्रत्येक वेळी ते एकच आकडा देत. वर ‘काम फत्ते’ असंही कळवत. फासा टाकावा आणि दर वेळी सहाच पडावेत, असा प्रकार. काही लिनक्स संगणक त्यामुळे सुरूच होईनात. पुढे बायोस बदलून तो दोष दूर झाला, पण कर्नलमध्ये तेव्हापासून एक छोटी तपासणी आली. सुरुवातीलाच काही आकडे मागून पाहायचे आणि सगळे सारखेच आले तर ‘याला संशयास्पद वास येतो आहे’ अशा अर्थाची सूचना नोंदवायची. एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. लिनक्सनं या एका आज्ञेवर कधीच सगळी भिस्त ठेवली नव्हती. कळ दाबण्याच्या वेळा, डिस्कची हालचाल अशा इतर अनेक गोष्टी त्यात मिसळल्या जातात. २०१३ साली ही आज्ञा काढूनच टाका अशी मागणी झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी हेच कारण देऊन ती फेटाळली होती.

पण या सगळ्या गोष्टी किरकोळ वाटाव्यात असा प्रसंग ३ जानेवारी २०१८ ला जगासमोर आला. त्याचं नाव मेल्टडाउन.

मघाची कचेरी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. शिपायाचं स्वतःचं एक कपाट आहे, त्यात सगळ्यांच्या किल्ल्या, सगळ्यांची गुपितं. वेळ वाचावा म्हणून हे कपाट त्याच खोलीत ठेवलेलं असे. कारकुनानं त्याला हात लावू नये म्हणून प्रोसेसर पहारा देई. हा पहारा अभेद्य आहे, असं वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. प्रोसेसर मात्र वेगासाठी एक गोष्ट करतो. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून तो काम आधीच करून ठेवतो, आणि अंदाज चुकला तर केलेलं पुसून टाकतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत असं होत होतं की निषिद्ध कपाटातला कागद तो आधी वाचून त्यावर पुढचं काम करे आणि परवानगी नंतर तपासे. परवानगी नाही असं दिसलं की सगळं पुसे. पण वाचताना बोटाचा ठसा राहून जाई. कुठली मेमरी पटकन मिळते आणि कुठली उशिरा, हे मोजून त्या ठशावरून गुपित ओळखता येई. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या तंत्रविद्यापीठातले संशोधक, गूगलचा प्रोजेक्ट झीरो आणि जर्मनीतली एक कंपनी, अशा तिघांनी हे स्वतंत्रपणे शोधलं.

दोष सिलिकॉनमध्ये होता. विकलेले कोट्यवधी प्रोसेसर परत कोण घेणार? तेव्हा ओझं आलं कर्नलवर. उपाय एकच होता, कपाट त्या खोलीतून हलवायचं. आता कारकुनानं हाक मारली की शिपाई दुसऱ्या खोलीत जातो, काम करून परत येतो. लिनक्स ४.१५ मध्ये हा बदल आला, विंडोज आणि मॅकमध्येही तसेच बदल झाले. सुरक्षितता आली, पण प्रत्येक फेरीला वेळ जाऊ लागला. ज्या कामात कर्नलला वारंवार हाक मारावी लागते, उदाहरणार्थ मोठे डेटाबेस, तिथे फटका अधिक बसला. नुसती आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रॅमला तो जेमतेम जाणवला.

इथे प्रोसेसरचा एक विस्मरणात गेलेला गुण कामी आला. खोली बदलली की कोणती वस्तू कुठे आहे याची टिपणं फाडून नव्यानं लिहावी लागतात. इंटेलच्या प्रोसेसरांत २०१० च्या सुमारासच पीसीआयडी नावाची सोय आली होती. तिच्यामुळे प्रत्येक टिपणावर खोलीचा क्रमांक घालता येतो, मग फाडायची गरज उरत नाही. लिनक्सनं ही सोय कित्येक वर्षं वापरलीच नव्हती. कारण तोवर खोल्या एवढ्या बदलाव्याच लागत नव्हत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ४.१४ या आवृत्तीत ती वापरात आली, आणि दोनच महिन्यांत मेल्टडाउनच्या उपायाचा खर्च तिनंच बराच आटोक्यात ठेवला. ज्या जुन्या प्रोसेसरांत हे गुण नव्हते किंवा अर्धवट होते, ते जास्त मंदावले. मायक्रोसॉफ्टनंही त्याच महिन्यात जाहीरपणे सांगितलं की नव्या यंत्रांवर फरक थोडा दिसेल, पण २०१५ च्या सुमाराच्या आणि त्याआधीच्या यंत्रांवर तो जाणवेल. एएमडीच्या प्रोसेसरांत हा विशिष्ट दोष नव्हता. त्यांच्या एका अभियंत्यानं डिसेंबर २०१७ मध्ये ‘आम्हाला यातून वगळा’ अशी एक दुरुस्ती पाठवली, आणि जाणकारांना त्या चार ओळींवरून आत काय शिजतंय याचा वास आला.

मला या प्रकरणात खटकतं ते वेगळंच. यंत्र मी विकत घेतलं तेव्हा एका वेगाची किंमत मोजली. दोष निघाला बनवणाऱ्याचा, आणि भरपाई झाली माझ्या वेगातून. १९९४ साली निदान प्रोसेसर बदलून मिळाला होता. कर्नल लिहिणाऱ्या मंडळींनी नाताळच्या सुटीत रात्री जागवून हे काम केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं.

आता शेवटचा आणि आपल्या घरापर्यंत येणारा मुद्दा. कर्नल प्रोसेसरला ओळखतो, तसा एक दिवस ओळख विसरतोही. लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये ३८६ प्रोसेसर असलेला संगणक घेतला आणि त्याच्या खुब्या शिकता शिकता लिनक्स जन्माला आलं. पहिलं लिनक्स ३८६ च्या कुळातल्या प्रोसेसरांखेरीज कशावरही चालत नसे. डिसेंबर २०१२ मध्ये याच ३८६ चा आधार लिनक्समधून काढून टाकण्यात आला आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून ज्या यंत्रावर लिनक्स जन्मलं त्या यंत्रावर ते सुरू होईनासं झालं. टोरवाल्ड्स यांना त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. कारण पाहा. मेमरीच्या पानावर ‘फक्त वाचा’ अशी पाटी लावता येते. ३८६ मध्ये ही पाटी प्रोग्रॅमना लागू होती, कर्नलला मात्र नव्हती. कर्नलनं चुकून तिथे लिहिलं तर प्रोसेसर अडवत नसे. ४८६ मध्ये ही उणीव दूर झाली. पण एका ३८६ साठी कर्नलमध्ये जागोजागी हातानं तपासणी ठेवावी लागत होती, आणि ती सांभाळता सांभाळता नव्या चुका होत होत्या. ज्यांची यंत्रं केव्हाच भंगारात गेली त्यांच्यासाठी हा खटाटोप किती दिवस करायचा? इटानियम या प्रोसेसरचा आधारही जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत गेला. २०२५ मध्ये ४८६ काढून टाकायचा प्रस्तावही मांडला गेला.

इथवर मला काही तक्रार नाही. पण विंडोज ११ चं काय? ते २०२१ मध्ये आलं आणि त्यानं साधारण २०१७ च्या अखेरीपासूनचेच प्रोसेसर आपल्या यादीत घेतले. चार वर्षांपूर्वीचं यंत्र एकदम जुनं ठरलं. त्यामागे तांत्रिक कारण अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. कर्नलमध्ये घुसणारा परका मजकूर रोखण्यासाठी विंडोज एक पहारा ठेवतं, आणि त्या पहाऱ्याला मदत करणारी सोय नव्या प्रोसेसरांत आहे. जुन्यांत तिची नक्कल सॉफ्टवेअरनं करावी लागते आणि यंत्र मंदावतं. पण मंद चालणं निराळं आणि दारातच अडवणं निराळं. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांची यंत्रं यादीत नव्हती, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला.

याच काळात आमच्या भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. संगणककक्षात बावीस यंत्रं, बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वीची. त्या म्हणाल्या, ‘सर, सगळी चालू आहेत हो. मग ही टाकाऊ झाली असं दुकानदार का म्हणतो?’ मी म्हटलं, ‘बाई, दुकानदाराला नको, यंत्रालाच विचारू या.’

तुम्हालाही हे घरी करता येईल. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स सुरू करायचं, म्हणजे संगणकातल्या कशालाही धक्का लागत नाही. टर्मिनल उघडून ‘एलएससीपीयू’ अशी आज्ञा रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायची. गुणांच्या यादीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं शोधायची. याचा अर्थ प्रोसेसर ६४ बिटांचा आहे. ती असतील तर आजचं लिनक्स त्या यंत्राला ओळखतं, मेमरी निदान चार गीगाबाइट असली की मुलांच्या कामाला पुरेसं आहे, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येत राहतात. नसतील तर कठीण आहे. डेबियनसारख्या जुन्या यंत्रांना सांभाळून घेणाऱ्या संस्थेनंही ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या संगणकांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं.

शाळेतल्या बावीसपैकी एकोणीस यंत्रांनी ‘एलएम’ दाखवलं. दोन शनिवारांत त्यांवर लिनक्स घातलं. उरलेली तीन फारच जुनी निघाली. ती बाईंनी झाकणं काढून सहावी-सातवीच्या मुलांना प्रोसेसर प्रत्यक्ष दाखवायला ठेवली आहेत.